हाताने विचारलेला प्रश्न

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एक यादी तयार होऊ लागते. प्रवेशफेरीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये आधी कॉम्प्युटर, तो नाही मिळाला तर ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, तेही हुकले तर इलेक्ट्रिकल. यादीचा क्रम गेल्या वर्षीच्या कट-ऑफवरून ठरतो, काही प्रमाणात मामा-काकांच्या सल्ल्यावरून. ज्या मुलीने तोवर एकदाही रेझिस्टर चिमटीत धरलेला नसतो, तिच्या नावापुढे इलेक्ट्रॉनिक्स लागते आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच राहते. यात कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. जागा मोजक्या, उमेदवार फार, कुठला तरी क्रम लावावाच लागणार. पण या यादीच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे आणि तो कट-ऑफने सुटत नाही. आपला मार्ग आपलाच आहे, हे माणसाला कळते तरी कसे? गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत स्वधर्माचा जो विचार आला आहे, त्यात परक्याच्या उत्तम धर्मापेक्षा स्वतःचा उणा धर्म बरा मानला आहे. हे मान्य केले तरी स्वधर्म ओळखायचा कसा, ही अडचण उरतेच. अठराव्या अध्यायात त्याचे उत्तर वर्ण आणि स्वभाव यांच्या आधाराने दिलेले आहे. वर्णाचे उत्तर आज आपण नाकारतो, आणि ते नाकारायलाच हवे. स्वभावाचे उत्तर स्वीकारण्यासारखे वाटते, पण स्वभाव तरी काम करण्याआधी कुणाला कळलेला असतो?

या प्रश्नाला आज दोन उत्तरे चलनात आहेत. पहिले गुणांचे: गणितात आणि भौतिकशास्त्रात इतके गुण आहेत, तर ही शाखा झेपेल. दुसरे आवडीचे: मनाचा कौल घ्या, तो सांगेल तिकडे जा. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण त्यांची चूक एकच आहे. दोन्ही उत्तरे कामाच्या आधी दिलेली आहेत. गुण सांगतात ते परीक्षेविषयी. तीन तासांत, कागदावर, आधीच उत्तर ठरलेल्या प्रश्नांशी विद्यार्थी कसा वागतो, एवढेच. आवड सांगते ती विषयाच्या चित्राविषयी. उडणारा ड्रोन, चालणारा रोबो पाहून जे आवडते ते काम पूर्ण झाल्यानंतरचे दृश्य असते. त्यामागचे शंभर तास, न पेटणारा एलईडी, चुकीच्या पिनला गेलेली वायर, डेटाशीटच्या तळटिपेत सापडलेली अट हे त्या चित्रात नसते. माझे म्हणणे असे की इलेक्ट्रॉनिक्ससारख्या विद्येत मार्गाची ओळख हातांनी केलेल्या अभ्यासातून होते, आणि तो अभ्यास ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन आहे. पुस्तकात शिकलेले पक्के करण्याचा सराव, एवढेच त्याचे स्थान मानले तर त्याचे निम्मे काम आपल्याला दिसतच नाही. हात एकाच वेळी दोन प्रश्न विचारत असतो, एक वस्तूला आणि एक स्वतःला. दोन्हींची उत्तरे आपल्या इच्छेवर अवलंबून नसतात, म्हणूनच ती विश्वासार्ह असतात.

या म्हणण्यावर पहिला आणि सर्वांत भारी आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी ज्ञान आणि कर्म यांच्यात एक काटेकोर भेद केला आहे. कर्म कर्त्याच्या हाती असते. ते करता येते, टाळता येते, वेगळ्या रीतीनेही करता येते. ते पुरुषतंत्र आहे. ज्ञान तसे नाही. समोर खांब असेल तर तो खांबच. त्याला माणूस समजणे हा भ्रम, आणि कुणाच्या इच्छेने तो माणूस होत नाही. ज्ञान वस्तूवर अवलंबून असते, वस्तुतंत्र असते. मग जे कर्त्याच्या मर्जीने चालते त्यातून मर्जीला न जुमानणारे ज्ञान कसे निघेल? टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मयोगाचा पक्ष जोरकसपणे मांडला, ज्ञानानंतरही कर्म सुटत नाही हे ठासून सांगितले. पण त्यांचा वाद ज्ञानी माणसाने कर्म करावे की सोडावे, हा होता. कर्म हेच ज्ञानाचे दार होऊ शकते का, हा आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. शंकराचार्यांचा भेद ब्रह्मज्ञानाच्या संदर्भातला आहे, हे खरे. तरीही तो टाळून पुढे जाता येणार नाही, कारण त्यातच उत्तराची किल्ली आहे. वर्कबेंचवर नेमके काय घडते ते पाहावे. कोणती वायर कुठे लावायची, मीटर कोणत्या रेंजवर ठेवायचा, बॅटरी केव्हा जोडायची, हे सगळे माझ्या हाती आहे. इथवर सारे पुरुषतंत्र. प्रोब टेकवला की मीटरवर जो आकडा येतो तो माझ्या हाती नाही. प्रश्न मी निवडतो, उत्तर वस्तू देते. प्रयोग म्हणजे अशी मांडणी की जिच्या एका टोकाला कर्त्याचे स्वातंत्र्य असते आणि दुसऱ्या टोकाला ते संपते. शंकराचार्यांचा भेद इथे मोडत नाही. उलट दोन्ही बाजू एकाच टेबलावर, हातभर अंतरावर दिसतात.

एक साधे उदाहरण घेऊ. नऊ व्होल्टची बॅटरी आणि दहा-दहा लाख ओहमचे, म्हणजे प्रत्येकी एक मेगाओहमचे, दोन रेझिस्टर एकामागोमाग जोडले. पुस्तक सांगते की मधल्या बिंदूपाशी निम्मे व्होल्टेज मिळणार, साडेचार. विद्यार्थी जुन्या काटेवाल्या मीटरने मोजतो. त्या मीटरवर व्होल्टमागे वीस हजार ओहम असे लिहिलेले आहे आणि तो दहा व्होल्टच्या रेंजवर आहे. काटा सव्वा व्होल्टच्या जरा पुढे थांबतो. आता तीन शक्यता उरतात. पुस्तक खोटे, रेझिस्टर खराब, किंवा मीटर बिघडलेला. खरे तर तिन्ही निर्दोष आहेत. त्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध फक्त दोन लाख ओहम आहे. तो खालच्या रेझिस्टरला समांतर बसतो आणि दोघांचा मिळून रोध सुमारे 1 लाख 67 हजार ओहमवर येतो. मग नऊ व्होल्टचा वाटा त्या प्रमाणात पडतो आणि बिंदूपाशी 1.29 व्होल्टच उरतात. मीटर खोटे बोललेला नाही. तो जोडल्यावर तिथे जेवढे व्होल्टेज आहे तेवढेच त्याने सांगितले. एक कोटी ओहम रोधाचा डिजिटल मीटर लावला तर 4.29 व्होल्ट दिसतील. तेही साडेचार नव्हेत, आणि का नव्हेत याचा हिशोब त्याच रीतीने मांडता येतो. ओहमचा नियम ज्याला पाठ आहे त्याला हे सारे गणिताने काढता येते, हे कबूल. पण मोजणारा स्वतः मोजल्या जाणाऱ्या गोष्टीचा भाग होतो, ही जाणीव त्या सूत्रात लिहिलेली नसते. अपेक्षा आणि काटा यांच्यातले अंतर समोर उभे राहिले की मगच ते सूत्र मीटरलाही लावायचे असते, हे सुचते. समर्थांनी ‘दासबोधा’त ज्या प्रचीतीवर एवढा भर दिला, तिचे हे अगदी लौकिक, पण अस्सल रूप आहे.

इथे नैयायिक आणि मीमांसक यांच्यातला प्रामाण्याचा वाद आठवतो. ज्ञान खरे आहे हे कशावरून? न्यायभाष्याच्या आरंभीच वात्स्यायनाने दिलेले उत्तर असे की, त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल झाली तर ते खरे. लांबून पाणी दिसले. जवळ गेलो, तहान भागली, तर ते पाणी होते, मृगजळ नव्हते. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला हे उत्तर ओळखीचे वाटेल, कारण सर्किट चालले की आपल्याला ते समजले, अशीच त्याची समजूत असते. मीमांसकांनी यावर नेमके बोट ठेवले. तहान भागल्याचे ज्ञान तरी खरे कशावरून? त्यासाठी तिसरे ज्ञान, मग चौथे. साखळी संपणारच नाही. म्हणून त्यांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाध येईपर्यंत. वर्कबेंचवर या वादाच्या दोन्ही बाजू रोज खऱ्या ठरतात. सर्किट चालले म्हणून समजले असे होत नाही. ते चुकीच्या कारणानेही चालते. समजा, सीमॉस प्रकारच्या आयसीची एक इनपुट पिन मोकळी राहिली. विद्यार्थ्याला वाटते, काहीच जोडलेले नाही म्हणजे शून्य. टेबलावर सर्किट ठीक चालतेही. मग कुणी हात जवळ नेतो आणि आउटपुट थरथरू लागते, कारण मोकळी पिन घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची चाहूल टिपत असते. जोडणी नसणे आणि ग्राउंडला जोडलेले असणे हे दोन वेगळे पदार्थ आहेत. अभावालाही स्वतंत्र पदार्थ मानून कशाचा अभाव, कुठे अभाव असे विचारणाऱ्या वैशेषिकांना आणि नैयायिकांना ही पिन दाखवली असती तर त्यांना नवल वाटले नसते. सफलतेने फसू नये, यासाठी हाताने काम करणाऱ्यांची एक रीत असते आणि ती आपल्या तर्कशास्त्रातल्या अन्वय-व्यतिरेकाचीच रीत आहे. एक भाग बदलून पाहायचा, बाकी सारे तसेच ठेवायचे. हे असताना दोष येतो का, हे नसताना जातो का? साखळी अनंत आहे हे खरे, पण शंका घेण्याला जोवर कारण आहे तोवरच ती ओढायची असते. कुठे थांबावे हे कळणे हाही या विद्येचाच भाग आहे, आणि तो पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापता येत नाही.

दुसरा आक्षेप इथे उभा राहतो आणि तो तितकाच रास्त आहे. हाताने जे येते ते कसब, त्याला विज्ञान म्हणता येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात असे कारागीर भेटतात, की जे बिघडलेला बोर्ड पाहून कुठला भाग जळाला ते सांगतात. पण मॅक्सवेलची समीकरणे त्यांनी कधी वाचलेली नसतात. मग त्यांचा मार्ग आणि इंजिनिअरचा मार्ग एक कसा? तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी 1949 साली अमुक माहीत असणे आणि अमुक करता येणे यांत भेद केला, आणि दुसरे पहिल्याचे रूपांतर नव्हे असे दाखवले. आक्षेपक हाच भेद उलटा वापरतो. पण इतिहास या दोन्हींना इतके वेगळे राहू देत नाही. मायकेल फॅरडे हा बुकबाइंडरकडचा उमेदवार. बांधायला आलेली पुस्तके वाचून, घरी छोटी विद्युतयंत्रे बनवून तो विज्ञानाकडे आला, 1813 साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला आणि 1831 साली चुंबकाच्या बदलत्या प्रभावातून वीज निर्माण होते हे त्याने दाखवले. उच्च गणित त्याला येत नव्हते. बलरेषांची त्याची कल्पना लोहचूर्ण आणि तारा हाताळताना घडली, आणि मॅक्सवेलने त्या कल्पनेलाच पुढे समीकरणांचे रूप दिले. ट्रान्झिस्टरची गोष्ट याहून बोलकी आहे. 1945 साली भौतिकशास्त्रज्ञ शॉकलीचे गणित सांगत होते की बाहेरून विद्युतक्षेत्र लावले की अर्धवाहकाची वहनक्षमता बदलायला हवी. प्रयोगात अपेक्षेएवढा परिणाम दिसेना. त्या नकाराचा अर्थ लावताना 1946 साली त्याचा सहकारी बार्डीन याने मांडले की पृष्ठभागावर अडकलेले इलेक्ट्रॉन आतल्या भागावर ढाल धरतात. मग ब्रॅटन आणि बार्डीन त्या पृष्ठभागामागेच लागले. प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा वर्ख चिकटवून, टोकापाशी तो ब्लेडने चिरून, जर्मेनियमवर टेकवलेली दोन अगदी जवळची टोके 16 डिसेंबर 1947 रोजी सिग्नल वाढवताना दिसली. त्या त्रिकोणाला कसब म्हणायचे की सिद्धांत? बार्डीनच्या सिद्धांताशिवाय तो सुचला नसता आणि ब्रॅटनच्या हातांशिवाय तो झाला नसता. शिवाय सिद्धांतही जन्मला तो फसलेल्या प्रयोगाच्या पोटी. म्हणजे कारागिराचे ज्ञान अपुरे आहे, हे आक्षेपकाचे म्हणणे खरे. पण ते अपुरे असण्याचे कारण हात नव्हे. हाताने मिळालेल्या नकाराला ‘का’ विचारण्याची सवड आणि साधने त्याला कुणी दिली नाहीत, हे कारण आहे.

आता हाताने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, जो स्वतःला विचारलेला असतो. वेदान्तात अधिकार ही कल्पना आहे. विद्येचा अधिकारी कोण, याची चर्चा ग्रंथाच्या आरंभीच होते आणि त्यात शम, दम, तितिक्षा असे गुण मोजले जातात. त्या चर्चेला बहिष्काराचा काळा इतिहास चिकटलेला आहे, पण तिच्यातला एक धागा उचलण्याजोगा आहे. विद्येची पात्रता म्हणजे बुद्धीची चमक नव्हे, मनाची एक घडण आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ही घडण कुठे दिसते? काम चालते तेव्हा दिसत नाही. सर्किट चालत नाही, कारण सापडत नाही, सारे जोड बरोबर दिसतात आणि कुठेतरी एक ड्राय सोल्डर आपल्याला चकवतो आहे, अशा तिसऱ्या तासाला ती दिसते. एखाद्याला त्या वेळी राग येतो, तो बोर्ड बाजूला ठेवतो आणि त्याची त्याला आठवणही उरत नाही. दुसऱ्यालाही राग येतो, तोही बोर्ड बाजूला ठेवतो, पण जेवताना त्याच्या मनात तोच जोड घोळत राहतो. दोघांची बुद्धी सारखी असेल, गुणही सारखे असतील. हा फरक कुठल्याही अभिक्षमता चाचणीच्या आधी त्या तिसऱ्या तासाने उघड केलेला असतो. महत्त्वाचे असे की हे उत्तरही वस्तुतंत्र आहे. मला या नकाराची ओढ वाटावी, असे मी ठरवू शकत नाही. ती वाटते किंवा वाटत नाही. निष्काम कर्माची कल्पना इथे नीतीच्या उपदेशापेक्षा ओळखीची खूण म्हणून उपयोगी पडते. ज्या कामात फळ लांबले, हुकले, तरी कामातच मन गुंतून राहते, ते काम बहुधा आपले. फळावर नजर असताना कुठलेही काम आपले वाटू शकते; पगाराच्या आकड्याने कित्येकांना कित्येक शाखा आपल्या वाटलेल्या आहेत. फळ बाजूला झाल्यावर जे उरते त्यावरून स्वभाव कळतो, आणि न चालणारे सर्किट फळ बाजूला करण्याचे काम फार चोख करते.

यावर कुणी म्हणेल की हे सारे जुन्या काळाचे झाले. आज एका चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्यांना कोण हात लावणार? बर्कली इथे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी घडलेल्या स्पाइस या प्रणालीपासून सर्किटची नक्कल संगणकावर करता येते. मग सोल्डरच्या धुरात बसण्याचा हट्ट कशाला? आक्षेपात तथ्य आहे. चिपची रचना हाताने होत नाही, आणि ज्याला ब्रेडबोर्ड आवडतो तो चिप-डिझाइनमध्ये रमेलच असे नाही. पण नक्कल म्हणजे काय, ते नीट पाहायला हवे. संगणकात आपण जे नमुने भरले त्यांचेच परिणाम तो काढून देतो. न्यायाच्या भाषेत ते अनुमान आहे, आणि अनुमान व्याप्तीवर उभे असते, व्याप्ती आधीच्या प्रत्यक्षावर. आकृतीतल्या रेषेला लांबी नसते. खऱ्या वायरला असते आणि तिच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ढोबळमानाने दहा नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या पट्ट्यांत काही पिकोफॅरडचा कपॅसिटन्स न विचारता येऊन बसतो. ओपॅम्पच्या पुरवठ्यापाशी 0.1 मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावायचा राहिला की कागदावर शांत असलेले सर्किट ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर थयथयाट करते. हे सगळे नकलेतही भरता येते, पण कुणी? ज्याने ते एकदा सोसले आहे त्याने. ज्याने सोसले नाही त्याला ते भरायचे असते हेच ठाऊक नसते, आणि संगणक त्याच्या अज्ञानाला मुकाट मान डोलावतो. मायकेल पोलान्यीने ‘टॅसिट’ म्हणजे अव्यक्त ज्ञानाची जी गोष्ट सांगितली, सांगता येते त्याहून आपल्याला अधिक कळलेले असते, ती इथे लागू पडते. फक्त एक पुस्ती जोडायची. हे अव्यक्त ज्ञान आयुष्यभर मुकेच राहते असे नाही. हार्वर्डच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासक्रमातून वाढलेले होरोविट्झ आणि हिल यांचे ‘द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ हे 1980 सालचे पुस्तक अशाच हातांच्या ज्ञानाला शब्द देण्याचा मोठा प्रयत्न आहे. पण ते शब्द कळतात ते हात पोळलेल्यालाच.

सर्वांत अस्वस्थ करणारा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. स्वधर्म, हात, कसब हे शब्द आपल्या समाजात निरागस नाहीत. हाताचे काम कुणी करायचे आणि पोथी कुणी वाचायची, हे इथे शतकानुशतके जन्माने ठरले. 1936 साली बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरच्या भाषणग्रंथात दाखवून दिले की श्रमविभागणीच्या नावाखाली ही व्यवस्था श्रम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते आणि निवडीला जागाच ठेवत नाही. म्हणून 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याची योजना पुढे आली, तेव्हा गरिबांच्या मुलांना पुन्हा चरख्याला आणि मागाला जुंपणार का, ही शंका घेणाऱ्याला चुकीचे म्हणता येत नाही. गोरोबा, सावतोबा, नरहरी सोनार यांच्या कामातच त्यांना विठ्ठल भेटला, हे आपण कौतुकाने सांगतो. पण कुंभाराच्या मुलाला सोनाराचे काम आपले वाटले असते तर काय, हे विचारत नाही. या आक्षेपाला माझे उत्तर असे की हाताच्या अभ्यासाचा युक्तिवाद नीट समजून घेतला तर तो जन्मसिद्ध स्वधर्माच्या बाजूने उभा राहत नाही, विरुद्ध उभा राहतो. मार्ग कामानंतरच कळतो, असे मानले की कामाआधी कुणालाही, कुठल्याही कारणाने, दारात अडवता येत नाही. न जन्मावरून, न गुणांवरून. अधिकार ही प्रवेशाची अट राहत नाही, ती अभ्यासाची निष्पत्ती होते. शिवाय इलेक्ट्रॉनिक्स ही कुठल्याच जातीची वडिलोपार्जित विद्या नाही. ट्रान्झिस्टरला गोत्र नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकणे हाच तिथल्या शिक्षणाचा पाया ठेवला. ग्रामीण मुलांना एकाच धंद्याला बांधून न घालता अनेक प्रकारची कामे करून पाहायला देण्यातच अशा प्रयोगाचे मोल आहे. ज्याला एकच काम करून पाहू दिले, त्याने निवड केली असे म्हणता येत नाही. हात सर्वांचे, आणि कामे अनेक, या दोन अटी पाळल्या तरच ‘करून शिका’ हा उपदेश न्याय्य ठरतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रत्येकाला हे परवडेल का, आणि काही तासांच्या खटपटीवरून आयुष्याचा निर्णय घेणे तरी शहाणपणाचे का? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. एक ब्रेडबोर्ड, मूठभर रेझिस्टर, चार एलईडी, एक साधा मल्टिमीटर, एवढ्यावर सुरुवात होते. नऊ व्होल्टवर लाल एलईडी लावायचा तर 470 ओहमचा रेझिस्टर का घ्यावा, हे एकदा स्वतः काढले, सुमारे 15 मिलिअँपिअर करंट मीटरवर पाहिला, की दार किलकिले होते. खरी अडचण पैशापेक्षा सवयीची आहे. आपल्याकडे प्रॅक्टिकलही पुष्कळदा परीक्षेसारखेच होते. आधीच जोडणी केलेले ट्रेनर किट, एका टेबलाशी चार जण, त्यातला एक जोडणार, बाकीचे रीडिंग उतरवून घेणार. आणि रीडिंग बरोबर आले नाही तर अपेक्षित रीडिंग जर्नलमध्ये लिहिणार. मागच्या परिच्छेदांतला सगळा युक्तिवाद ध्यानात घेतला तर यातला दोष कळतो. तिथे वस्तूचे उत्तर पुसून कर्त्याची इच्छा लिहिली जाते, वस्तुतंत्राला पुरुषतंत्र केले जाते. मग वस्तूविषयीही काही कळत नाही आणि स्वतःविषयीही नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर अधिक सावधपणे द्यायला हवे. पहिले सर्किट चालले नाही यावरून मार्ग चुकला असे ठरत नाही. एखादा खराब भाग, एखादा वाईट शिक्षक, एखादा थकलेला दिवस यांनीही तेच घडते. इथेही अन्वय-व्यतिरेक लागतो. भाग बदलून पाहावा, सोबत बदलून पाहावी, विषयाचे अंग बदलून पाहावे. ध्वनीची सर्किटे रुचली नाहीत तर रेडिओची, तीही नाहीत तर मायक्रोकंट्रोलरची. संस्थांनाही मार्ग असाच टप्प्याटप्प्याने सापडतो. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या गटाने 1965 साली कल्याणजवळ 1.8 मीटर व्यासाच्या 32 छोट्या अँटेना उभारून सुरुवात केली. पुढे उटीची रेडिओ दुर्बीण, आणि मग नारायणगावजवळ खोडद इथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. कल्याणच्या हातखटपटीवाचून खोडदची हिंमत झाली असती, असे मानणे कठीण आहे.

तरीही एका मर्यादेपाशी थांबले पाहिजे. हाताची साक्ष कितीही खरी असली तरी ती साक्षच असते; निवाडा नव्हे. न चालणाऱ्या बोर्डासमोर माझे मन टिकते, हे मला कळू शकते. पण म्हणून मी ते काम करावे, हे त्यातून आपोआप निघत नाही. घरची जबाबदारी असते, दुसऱ्या एखाद्या कामाचीही तितकीच ओढ असते, आणि आपले कसब कुणाच्या उपयोगी पडणार आणि कुणावर उलटणार हा प्रश्न तर वस्तूला विचारताच येत नाही. क्षेपणास्त्रातले आणि श्रवणयंत्रातले सर्किट तळाशी एकाच नियमांनी चालते. मीटर दोन्हींत तेच रीडिंग दाखवतो. म्हणून मार्ग निवडणे हे अखेर कर्मच राहते, शंकराचार्यांच्या अर्थाने पुरुषतंत्र: करता येण्यासारखे, टाळता येण्यासारखे, वेगळ्या रीतीने करता येण्यासारखे. फरक एवढाच की हातांनी अभ्यास केलेला माणूस ही निवड स्वतःविषयीच्या कल्पनेवरून करत नाही. त्याच्याजवळ काही रीडिंग्ज असतात, आणि ती त्याने खोडून लिहिलेली नसतात. ऑप्शन फॉर्ममध्ये अशा रीडिंगसाठी रकाना नाही. तो असायला हवा अशी मागणी करण्यापेक्षा, फॉर्म भरण्याआधीच्या एखाद्या सुट्टीत मुलाच्या हाती एक ब्रेडबोर्ड द्यावा, तो तिसऱ्या तासापर्यंत एकट्याने खटपट करू दे, आणि तो काय म्हणतो ते मामा-काकांच्या आधी ऐकावे.